ग्लिटर बंद, बडग्या चालू

आमच्या घरात ग्लिटरवर बंदी आहे. कायमची. ज्यांच्या घरी ते एकदा सांडलंय त्यांना कारण सांगायची गरज नाही, ज्यांच्या घरी नाही सांडलं त्यांनी आपल्या नशिबाला हात जोडावे. पण बंदीचं खरं कारण झाडू-पोछा नाहीये. मुलं घरीच शिकतात म्हटल्यावर नातेवाईक, मैत्रिणी, सगळे वाढदिवसाला क्राफ्ट किटच देतात, सातशे-आठशे रुपयांचं, डब्यावर हसरं पोट्टं, आत छोटे छोटे पाऊच, एक छापील कागद आणि ग्लिटर. मोठी नऊ वर्षांची आहे, धाकटा सहाचा. दोघं मिळून अर्ध्या तासात ते घुबड नाहीतर युनिकॉर्न जे काय असेल ते करून मोकळे होतात आणि मग विचारतात, "आई, आता याचं काय करायचं?" याला काय उत्तर देणार? शोकेसमध्ये ठेवायचं, धूळ बसली की मुलं झोपल्यावर गुपचूप कचऱ्याच्या गाडीसाठी काढून ठेवायचं, झालं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या उद्योगात "आता याचं काय करायचं" हे विचारावंच लागत नाही तो उद्योग आमच्याकडे टिकतो. जे केलं ते कुठेतरी लागतं, कोणीतरी खातं, अंगाला फासतं, वाजवतं, जाळतं. होय, जाळतं, त्यावर येते पुढे. बाकीच्या ॲक्टिव्हिट्या कितीही शैक्षणिक असल्या, कितीही सुंदर फोटो येत असले, तरी पोट्ट्यांना त्यातला शाळेचा वास लगेच येतो. आणि शाळाच हवी होती तर कोपऱ्यावर आहे नं, व्हॅन दारात येते.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. इथून, म्हणजे नागपूरहून, पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली होती, गांधीजी अध्यक्ष होते, त्यातून झाकीर हुसेन समिती आणि मग सेवाग्रामची नई तालीम. हातानं काहीतरी खरं काम करायचं, सूत कातायचं, शेत, भाजी, स्वयंपाक, आणि त्या कामातूनच गणित, भाषा, विज्ञान काढायचं. टकळीवर किती तार निघाले ते मोजलं की झालं गणित. त्यात गांधीजींची अशीही अपेक्षा होती की मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, आमच्या घरी तो भाग सपशेल फेल आहे, खर्चच निघून राहिला फक्त. पण मूळ गोष्ट मला पटते. काम खोटं नको.

आणि नागपूर यासाठी चांगलं गाव आहे, लोक काहीही म्हणोत. वर्षभर इथे काही ना काही टोकाचं चालूच असतं.

मे महिन्याचंच घ्या. 23 मे 2013 ला इथे 47.9 तापमान होतं, तेव्हा मोठीचा जन्मही नव्हता, पण तिला हा आकडा क्रिकेटचा स्कोर असल्यासारखा पाठ आहे. दुपारी बारा ते पाच गल्लीत कुत्रं दिसत नाही. सासूबाई मुलांच्या खिशात कांदा ठेवतात आणि गच्चीच्या दाराला कडी लावतात. फक्त एका दिवशी ती कडी आम्ही अधिकृतपणे काढतो, 26 मेच्या आसपास, कारण त्या दिवशी सूर्य नागपूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली गायब होते. हे भाग्य दिल्लीला नाही बरं का. दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे, तिथे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो, दुसरा दिवस 17 जुलैच्या आगेमागे, पण तेव्हा ढग असतात, सूर्यच दिसत नाही तर सावली कुठची.

सामान काहीच लागत नाही. पडद्याचा जुना रॉड, मीटरभर कापलेला, वाळूच्या बादलीत उभा खोवलेला. तो सरळ उभा आहे हे कशावरून? इथे आबा, म्हणजे माझे सासरे, कामाला आले. त्यांनी दोऱ्याला एक जड नट बांधून ओळंबा करून दिला, गवंडी भिंतीला लावतात तसा. मोठी ओळंबा धरून एका बाजूनं बघते, धाकटा दुसऱ्या बाजूनं ओरडतो, "इकडे कलला, इकडे कलला," यातच वीस मिनिटं गेली आणि ती वीस मिनिटं माझ्या मते सगळ्यात कामाची होती, कारण एका बाजूनं सरळ दिसणारा रॉड दुसऱ्या बाजूनं तिरपा असतो हे तोंडी सांगून कोणालाच पटत नाही. मग अकरा वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण. सावली आक्रसत आक्रसत आली. बारा वाजले तरी थोडीशी होतीच. धाकटा म्हणे, "फसवलं." अजून दहा मिनिटं थांबलो आणि बारा-दहाला ती रॉडच्या बुडात गेली. स्टीलचा ग्लास ठेवला, त्याचीही नाही. धाकटा दोन्ही पाय जुळवून उभा राहिला, खाली पाहिलं आणि म्हणाला, "माझी सावली माझ्या चपलेत गेली."

बारा-दहा काहून? घड्याळ पुढे आहे का आपलं? नाही, घड्याळ बरोबर आहे, पण ते आपल्या गावचं नाही. अख्ख्या भारताची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून ठरते, ते मिर्झापूरजवळून जातं, आणि नागपूर आहे एकोणऐंशीच्या जरा पुढे. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणजे तिथून इथवर यायला तेरा-चौदा मिनिटं. पण आपण मोजली दहाच, मग वरची तीनेक मिनिटं कुठे गेली, असं मोठीनंच विचारलं. ती पृथ्वीच्या कक्षेची आणि तिच्या कललेल्या आसाची भानगड आहे, वर्षभरात सूर्य घड्याळाच्या कधी मागे कधी पुढे असतो, मे अखेरीला तो तीन मिनिटं पुढे असतो. नवऱ्याला समजावून सांगायची फार हौस, त्याने कागद-पेन्सिल काढली, आणि पोट्टे तेवढ्यात खाली पन्हं प्यायला पळाले.

पण त्या दिवशीची खरी मजा फोनवर होती. माझी नणंद हैदराबादला असते. हैदराबाद साधारण आपल्या सरळ खाली, दक्षिणेला आहे, नकाशावर पट्टी ठेवली तर थोडंसंच डावीकडे. तिच्या मुलानं त्याच दुपारी तिथे मीटरभर काठी उभी केली होती. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "मामी, माझी सावली आहे, साडेसहा सेंटिमीटर, आणि ती दक्षिणेकडे पडली." दक्षिणेकडे! आपली दुपारची सावली उत्तरेला पडते हे मोठीला माहीत होतं, गच्चीतल्या कुंड्या त्यावरूनच सरकवतो आम्ही. मग तिने स्वतःच बडबडून काढलं, की सूर्य आमच्या डोक्यावर आहे म्हणजे त्याच्या उत्तरेला झाला, म्हणजे सावली उलटी जाणार. मी गप्प होते. मला आधीपासून माहीत असल्यासारखा चेहरा मात्र केला होता.

पुढचं काम एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाचं, तो अलेक्झांड्रियात बसून सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सावलीवरून पृथ्वीचा घेर मोजून गेलाय. मोठ्या कागदावर अर्धा मीटर उभी रेघ, खाली सव्वातीन सेंटिमीटर आडवी, टोकं जोडली, वरचा कोन कोनमापकानं मोजला. तिला चारला जरासा कमी वाटला, तिने चार धरला. पृथ्वीच्या गोल घेरात दोन्ही गावांमध्ये तेवढेच अंश असतात. मग 360 मध्ये चार किती वेळा? नव्वद. नागपूर-हैदराबाद सरळ अंतर नकाशावरून काढलं, 420 किलोमीटर. नव्वद गुणिले 420 म्हणजे 37,800. पृथ्वीचा खरा घेर 40,000 च्या थोडा वर आहे. पडद्याचा रॉड, खडू आणि आतेभाऊ एवढ्या भांडवलावर पोरीनं पृथ्वी मोजली आणि फार काही चुकली नाही. कोन 3.7 धरला असता तर उत्तर 40,800 च्या आसपास आलं असतं, हे नंतर दोन दिवसांनी तिनेच करून पाहिलं, तेही चिडून, कारण आतेभाऊ म्हणाला होता तुझं गणित कच्चं आहे.

ज्यांना करायचं त्यांच्यासाठी, दिवस एखादा मागे-पुढे झाला तरी बिघडत नाही, मीटरभर काठीला एका दिवसात तीन मिलिमीटरच फरक पडतो. मुलांना टोपी घाला आणि सूर्याकडे बघू देऊ नका.

याच दिवसांत कूलर बसतो. ताट्या बदलणं, पंपाचा गाळ काढणं हे आता मुलांचं काम आहे, ओले व्हायला मिळतं म्हणून भांडून करतात. दोन साधे थर्मामीटर गॅलरीत सावलीत लावले, एकाच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळलेली. मे महिन्यात कोरडा 43-44 दाखवत होता आणि ओला 23-24. वीस अंशांचा फरक, नुसत्या चिंधीचा! पाणी वाळताना गारवा येतो, कूलरचंही तसंच. जुलैत हवाच दमट, पाणी वाळेना, तोच फरक दोन-तीन अंशांवर आला, तेव्हा पावसाळ्यात कूलर नुसता चिकचिक काहून करतो ते कोणाला समजवायची गरज पडली नाही. 2024 च्या मे अखेरीला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले होते, बातम्या झाल्या, नंतर कळलं सेन्सर बिघडला होता. ते ऐकल्यापासून आमचे दोन्ही थर्मामीटर अधूनमधून एकाच ग्लासात बुडवून तपासले जातात. यंत्रावरही डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही हे एवढ्या लवकर कळलं, मला तर पस्तिशीत कळलं.

पावसाळ्यात काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची ही युक्ती, सत्तरच्या दशकात होशंगाबादच्या खेड्यांत विज्ञान शिकवताना केलेली. व्हॉल्व ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, दोन्हीकडून काड्या खुपसायच्या, की सांधा तयार. सायकलवाला आता ती ट्यूब ठेवत नाही, दोन-तीन दुकानं पालथी घालावी लागली. त्रिकोण हलत नाही, चौकोन कलंडतो, पंचकोन तर नाचतोच. मग चौकोनाला तिरपी काडी मारली की तो शहाणा होतो. त्यानंतर महिनाभर स्कूटरवर मागे बसून धाकटा क्रेनमधले त्रिकोण मोजत होता, आणि नागपुरात क्रेनला काही तोटा नाही. हे मॉडेल कुठेच लागत नाही, कोणी खात नाही, जाळत नाही, माझ्या सगळ्या सिद्धांताला तडा देतं. तरी टिकलं. असो.

आता मारबत.

बाहेरच्यांना सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाडव्याला आमच्याकडे तान्हा पोळा असतो, म्हणजे लहान मुलांचा पोळा. लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत घरोघर न्यायचे आणि बोजारा मिळवायचा, खाऊ, पैसे, काय मिळेल ते. सुरुवात 1806 सालची, दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळातली मानतात. आणि त्याच दिवशी महाल-इतवारीतून मारबतींची मिरवणूक निघते, काळी मारबत आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, 1880 च्या दशकापासून चालत आलेली, सोबत बडगे. बडग्या म्हणजे पुतळा, कागद-बांबूचा, त्याच्या गळ्यात पाटी, त्या वर्षी लोकांना जे जे नकोसं झालं ते त्याच्यावर. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, साथीचे रोग. "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत गावाबाहेर न्यायचं आणि जाळायचं. आता मला सांगा, यापेक्षा चांगला आर्ट प्रोजेक्ट कोणत्या किटमध्ये मिळेल? शिल्प आहे, चित्र आहे, भाषा आहे, राजकारण आहे, आणि शेवटी आग आहे.

आमचा बडग्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. बांबूच्या कमच्या बुरडाकडून आणतो. पहिल्या वर्षी बुरड काकांनी मुलांसमोर बांबू चिरून दाखवला, कोयत्याचा एक घाव टोकाला आणि मग नुसत्या दाबानं तो सरळ फाटत गेला, पेराशी आला की कड् आवाज. मोठीनं विचारलं आडवा काहून नाही फाटत? काका म्हणाले, "त्याच्या शिरा उभ्या रायते नं बाई." झाला धडा. कमच्या रात्रभर पाण्यात भिजवल्या की वाकतात, कोरड्या वाकवल्या तर मोडतात आणि हाताला कुसळं जातात, जुने हातमोजे घालायचे.

खळ घरीच शिजवतो. एक वाटी मैद्याला चार वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळायचं, पांढरट पाणी एकदम पारदर्शक आणि जाड होतं तो क्षण धाकट्याला फार आवडतो, त्यासाठी तो स्टुलावर उभा राहून वाट बघतो. पूर्वी खळीत मोरचूद घालत, किडे लागू नये म्हणून, आम्ही नाही घालत, ते विष आहे आणि आमच्या धाकट्याची बोटं तोंडात असतात. दीड वाटी मैदा असला तर पाणी किती, अडीच असला तर किती, हे आबांनी विचारायला सुरुवात केली आणि त्यातून त्यांची दिडकी-अडीचकी बाहेर आली. त्यांना ती अजून घडाघडा येते. मोठीला पहिल्यांदा कोणाचा तरी पाढा ऐकून हेवा वाटला.

त्यानंतर डोक्याचा प्रश्न आला. बडग्याचं डोकं केवढं करायचं? मोठीनं आबांना भिंतीशी उभं केलं आणि वीत-पट्टीनं मोजलं, आबांच्या उंचीत त्यांचं डोकं साधारण सात वेळा बसतं. धाकट्याच्या उंचीत जेमतेम साडेपाच वेळा. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. चित्रात मूल मोठ्या माणसासारखं दिसून राहिलं असेल तर ते डोकं लहान काढल्यामुळे, हे त्या दिवशी मलाही नीट उमगलं. मग ठरलं की बडग्याचं डोकं मुद्दाम जास्तच मोठं करायचं, कारण तो लांबून दिसायला पाहिजे, आणि कारण तो हास्यास्पद दिसायला पाहिजे. फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून लावायच्या, एक थर आडवा, एक उभा, प्रत्येक थर वाळू द्यायचा. पावसाळी हवेत एकेक थर वाळायला दीड-दोन दिवस लागतात, घाई केली की आतून बुरशी येते आणि घरभर आंबूस वास. कूलरचा पंखा, पाणी न घालता, समोर लावून ठेवतो.

रंगवण्याआधी महालात चितार ओळीत चक्कर होते. गणपतीचे दिवस जवळ आलेले असतात, गल्लीत दोन्हीकडे तणसाचे सांगाडे, त्यावर माती थापलेली, काही मूर्ती पांढऱ्या, काही अर्ध्या रंगलेल्या. आम्ही नुसते उभं राहून बघतो, बोलत नाही, कामाच्या माणसाला त्रास द्यायचा नाही हा नियम. एक मूर्तिकार दादा डोळे काढत होते. मनगट खाली काठीवर टेकवलेलं, ब्रशला चारच केस असतील, श्वास रोखून एक वळण आणि लगेच हात बाजूला. धाकट्यानंही श्वास रोखला होता, त्याचा चेहरा लाल झाला. दादांनी ब्रश खाली ठेवला, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय रे बाबू, तुले बी काढाचे का डोये?" आणि त्याच्या हातावर मातीचा गोळा ठेवला. घरी येऊन त्याने त्या गोळ्याचा बैल केला, चार पाय आणि वशिंड, शिंगांसाठी माती उरली नाही म्हणून काड्या टोचल्या. तान्ह्या पोळ्याला तोच बैल गेला, लाकडी नाही. बोजारा बराच मिळाला.

पाट्या लिहिणं हे आमचं मराठीचं सगळ्यात मोठं काम. एरवी शुद्धलेखन म्हटलं की मोठीचं पोट दुखतं. पण पाटी चार लोक वाचणार, अपार्टमेंटमधले काका चुका काढणार, म्हणून ती स्वतः शब्दकोश उघडून बसते. पिडा ऱ्हस्व की दीर्घ यावर घरात अर्धा तास खल झाला, कोशात पीडा दीर्घ आहे, घोषणेत सगळे पिडा म्हणतात, शेवटी आजींनी निकाल दिला की ओरडताना ऱ्हस्व, लिहिताना दीर्घ. मोठीची पाटी होती, "रोज संध्याकाळी जाणारी लाईट घेऊन जा गे मारबत". खालच्या मजल्यावरच्या पोरानं लिहिलं, "युनिट टेस्ट घेऊन जा गे मारबत". धाकट्याला लिहिता येत नव्हतं तेव्हा त्याने सांगितलं आणि ताईनं लिहून घेतलं, "दुधावरची साय घेऊन जा गे मारबत". मला वाटतं सायीसाठी बडग्या जाळणारं हे जगातलं एकमेव घर असावं.

शाळेत जाणारी सोसायटीतली मुलं संध्याकाळी पाचनंतर येतात आणि मग खरी धमाल सुरू होते. घरी शिकण्याची एक मोठी अडचण ही आहे, की दुपारी सोबत नसते. गावात घरी शिकणारी कुटुंबं थोडी आहेत, रविवारी बागेत भेटतो, पण रोजचं भांडायला माणूस लागतं आणि ते सख्ख्या भावंडांवर भागत नाही. बडग्या पाचच्या आधी पुढे सरकत नाही हे मुलांनीच ठरवलंय.

जाळताना दोनच अटी, प्लास्टिक काही नको, आणि पाण्याच्या दोन बादल्या शेजारी. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत, आबा काडी लावतात. पंधरा दिवसांचं काम तीन मिनिटांत जातं. मला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं, मुलांना अजिबात नाही, ती नाचत होती.

थंडीत संत्री येतात, त्यांचं जास्त सांगत नाही, फक्त फुगवलेल्या फुग्यावर संत्र्याची साल पिळून बघा. सालीतलं तेल रबर विरघळवतं, फाट्कन फुटतो. वाढदिवसाच्या पार्टीत धाकट्यानं हे केलं आणि आम्हाला परत कोणी बोलावलेलं नाही.

मग फाल्गुनात पळस. काटोल रोडनं, नाहीतर वर्ध्याकडे जाताना दोन्हीकडे झाडं पेटल्यासारखी असतात, पान एक नाही. खाली पडलेली फुलं वेचायची, झाडावरची तोडायची नाहीत, रात्रभर गरम पाण्यात ठेवली की केशरी-पिवळं पाणी. तीन वाट्या केल्या, एक साधी, एकीत तुरटी, एकीत खायचा सोडा, आणि जुन्या पांढऱ्या बनियनचे तुकडे बुडवले. सोड्याचा सगळ्यात गडद नारिंगी आला. तिथून गाडी हळदीवर गेली, हळदीच्या पाण्यात चुना टाकला की लालभडक, तेव्हा आजी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मग कुंकू कशाचं करत होते असं वाटलं तुम्हाला?" जास्वंदीचं फूल कागदावर चोळून त्यावर लिंबाच्या रसानं लिहिलं की गुलाबी अक्षर उमटतं, साबणाच्या पाण्यानं हिरवट. आम्ल-अल्कली हे शब्द मी त्या दिवशी काढलेच नाहीत. चार दिवसांनी मोठीच विचारत आली की लिंबू आणि चिंच एका पार्टीत आणि साबण-चुना दुसऱ्या पार्टीत, तर मग दही कुठल्या पार्टीत? मग सांगितलं. धुळवडीला पळसाचा रंग सगळ्या गल्लीवर गेला.

आता हे सगळं वाचून कोणाला वाटेल आमच्याकडे रोज उत्सव असतो, तर तसं काही नाही बाप्पा. पाढे पाठच करावे लागतात. तीसपर्यंत. त्याला बांबू, खळ, सूर्य कोणीच कामी येत नाही, सकाळी दात घासल्यावर म्हणायचे म्हणजे म्हणायचे. अक्षर गिरवायला लागतं. आणि खेळता खेळता शिकतात म्हणणाऱ्या व्हिडिओंमध्ये मुलं तिसऱ्या मिनिटाला रडताना कधी दाखवत नाहीत, आमच्याकडे रडतात. मधले कितीतरी दिवस नुसते रिकामे जातात, धाकटा फरशीवर पालथा पडून मुंग्या बघतो, मोठी तीच गोष्ट पाचव्यांदा वाचते, मी माझं ऑफिसचं काम उरकते. त्या दिवसांत काही शिकले का, तर मी शोधायला जात नाही.

आणि तो प्रश्न, जो लग्नात, बारशात, भाजीवाल्या मावशीपर्यंत सगळे विचारतात, "दहावीचं काय गं करशील?" त्याचं उत्तर सरळ आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, 1989 पासून आहे, चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावीला बसता येतं. सहा ते चौदाचा शिक्षण हक्क कायदा आहे, त्यात घरी शिकवण्याबद्दल स्पष्ट असं काही लिहिलेलं नाही, म्हणून लोक बिचकतात, ते समजण्यासारखं आहे. आमची मोठी उद्या म्हणाली मला शाळेत जायचंय, तर दुसऱ्या दिवशी ॲडमिशन. तिला विचारलं होतं तसं. तिने विचार केला आणि म्हणाली, पोळा झाल्यावर सांगते.

कारण यंदा बडग्या सात फुटांचा करायचा ठरलाय. घराचं दार साडेसहा फुटांचं आहे. मोठी म्हणते आडवा करून काढू, आबा म्हणतात दारातून निघेल पण जिन्याच्या वळणावर अडकेल, नवरा म्हणतो डोकं वेगळं करा आणि खाली नेऊन बसवा, त्याला धाकट्याचा सक्त विरोध आहे, मान कापलेला बडग्या त्याला चालणार नाही. सध्या दोघं जिन्याची मापं घेऊन पुठ्ठ्याचा छोटा जिना करून राहिले आहेत, एक फुटाला पाच सेंटिमीटर, आणि त्यातून पस्तीस सेंटिमीटरची काडी वळवून बघताहेत. अजून तरी अडकूनच राहिली आहे.